एक किलो टोमॅटोचे पाणी

एक किलो टोमॅटोत पाणी किती असते? टोमॅटोच्या वजनाचा सुमारे ९४ ते ९५ टक्के भाग पाण्याचाच असतो. म्हणजे बाजारातून किलोभर टोमॅटो आणले की त्यांच्याबरोबर एक लिटरला थोडे कमी पाणी घरी येते. आता दुसरा प्रश्न. हे किलोभर टोमॅटो पिकवण्यासाठी शेताला पाणी किती द्यावे लागले? इस्राएल व स्पेन येथे उघड्या शेतात, आणि तेही ठिबक सिंचनावर घेतलेल्या पिकाचा हिशेब किलोमागे सुमारे ६० लिटर येतो. एक लिटर फळात गेले. उरलेले ५९ लिटर गेले कुठे?

हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी ‘जमिनीत मुरले’ असे उत्तर देतात. ते काही अंशी खरे आहे. पण मोठा वाटा झाडाच्या मुळांतून, खोडातून, पानांतून जाऊन हवेत उडालेला असतो. हे झाडाने वाया घालवलेले पाणी आहे का? की वाढीसाठी मोजावी लागणारी किंमत आहे? आणि किंमत असेल, तर ती कमी करता येते का? हरितगृहातील भाजीपाल्याच्या शेतीने या प्रश्नांची फार बोलकी उत्तरे दिली आहेत.

साठ लिटरपासून चार लिटरपर्यंत

नेदरलँड्समधील वॅगेनिंगन येथील संशोधक सेसिलिया स्टांघेलिनी व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली वेगवेगळ्या पद्धतींनी घेतलेल्या टोमॅटोच्या पाण्याचा ताळेबंद मांडला. किलोमागे लागणारे पाणी त्यात साधारण असे आहे :

उघडे शेत, ठिबक सिंचन (इस्राएल, स्पेन) – ६० लिटर
साधे प्लॅस्टिकचे हरितगृह (स्पेन) – ४० लिटर
काचेचे हरितगृह, तापवण्याची सोय नसलेले (इस्राएल) – ३० लिटर
वायुवीजन सुधारलेले प्लॅस्टिकचे हरितगृह (स्पेन) – २७ लिटर
हवामान-नियंत्रित काचगृह, हवेत जादा कार्बन डायऑक्साइड (नेदरलँड्स) – २२ लिटर
वरीलप्रमाणेच, पण निचऱ्याचे पाणी पुन्हा वापरून – १५ लिटर
पूर्णपणे बंद काचगृह (नेदरलँड्स) – ४ लिटर

या यादीत एक गोष्ट लक्ष वेधून घेते. पहिल्या ओळीपासूनच ठिबक सिंचन आहे. म्हणजे पाणी थेंबाथेंबाने मुळाशी पोचवण्याचे काम आधीच झालेले आहे. तरीही पुढे पाण्याची गरज साठावरून चारवर आली. ही बचत नळ्यांत झालेली नाही; ती मुख्यतः पानाभोवतालच्या हवेत झाली आहे. ते कसे, हे समजण्यासाठी पानाकडे वळावे लागेल.

पानाची दारे

पानाच्या पृष्ठभागावर मेणचट थर असतो. त्यातून पाणी सहसा बाहेर पडत नाही, आणि हवाही आत शिरत नाही. देवघेवीसाठी पानावर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना आपण पर्णरंध्रे म्हणतो. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैल पडल्या की मिटते.

झाड ही दारे कशासाठी उघडते? पाणी बाहेर टाकण्यासाठी नव्हे, तर प्रकाशसंश्लेषणाला लागणारा कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी. पण दार एकच आहे. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो तेव्हा पानातली ओलसर वाफ बाहेर निसटते. दुकान उघडे ठेवल्याशिवाय गिऱ्हाईक आत येत नाही, आणि दुकान उघडे ठेवले की धूळही आत येते, तशातली ही अडचण आहे. बाष्पोच्छ्वासाने पान थंड राहते, मुळांकडून अन्नद्रव्ये वर चढतात, हे फायदे आहेतच. तरी पाण्याच्या एवढ्या मोठ्या खर्चाचे मूळ या एकाच दारात आहे.

ही देवघेव मोजण्याचा प्रयत्न जुना आहे. लंडनच्या जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची रोपे पाण्याच्या बाटल्यांत वाढवून, रोपाचे वजन किती वाढले आणि पाणी किती कमी झाले हे मोजले. त्यांचा निबंध १६९९ साली प्रसिद्ध झाला. रोपाच्या वाढीच्या कितीतरी पट, काही बाटल्यांत तर शेकडो पट, पाणी खर्च झाले होते. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अनेक पिकांवर असेच प्रयोग केले. एक ग्रॅम कोरडे वजन तयार होण्यासाठी ज्वारीला सुमारे ३०० ग्रॅम, गव्हाला सुमारे ५०० ग्रॅम, तर लसूणघासाला ८०० ग्रॅमहून अधिक पाणी लागल्याचे त्यांना आढळले.

थोडे गणित

ही शेकड्यांची पट येते कुठून, हे शालेय भौतिकशास्त्राच्या आधारे काढता येते.

हवेचे तापमान ३० अंश सेल्सियस आहे असे धरू. या तापमानाला बाष्पाने पूर्ण भरलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. पानाच्या आतल्या पोकळ्या जवळजवळ अशाच भरलेल्या असतात. बाहेरची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर बाहेर घनमीटरमागे १५ ग्रॅम बाष्प असते. म्हणजे आत-बाहेर १५ ग्रॅमचा फरक.

आता कार्बन डायऑक्साइड. आजच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग आहे. घनमीटरमध्ये तो फक्त पाऊण ग्रॅम भरतो. पानाच्या आत तो अगदी शून्यावर येत नाही. बाहेरच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असतो. म्हणून आत-बाहेरचा फरक राहतो घनमीटरमागे जेमतेम पाव ग्रॅमचा.

एकीकडे १५ ग्रॅमचा उतार, दुसरीकडे पाव ग्रॅमाहूनही थोडा कमी. शिवाय पाण्याचा रेणू हलका असल्याने तो कार्बन डायऑक्साइडच्या रेणूपेक्षा सुमारे दीडपट वेगाने पसरतो. दोन्हींचा हिशेब करता एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना सुमारे १०० ग्रॅम पाणी जाते. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडपासून सुमारे ०.७ ग्रॅम शर्करा बनते. तिचा बराच भाग झाडाच्या श्वसनात खर्च होऊन ०.४ ग्रॅमच्या आसपास कोरडे वजन शिल्लक राहते. म्हणजे एक ग्रॅम कोरड्या वजनाला साधारण २५० ग्रॅम पाणी.

किलोभर टोमॅटोत कोरडा भाग ५५ ग्रॅमच्या आसपास असतो. पाने, खोड व मुळे यांचा वाटा धरून झाडाला सुमारे ८५ ग्रॅम कोरडे वजन तयार करावे लागते. ८५ ला २५० ने गुणले की उत्तर येते २१ लिटर. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. साठ लिटरपैकी वीसेक लिटर झाडाने दारातून मोजलेली किंमत आहे. बाकीचे मातीच्या पृष्ठभागावरून उडाले, मुळांच्या खाली झिरपले, क्षार धुण्यासाठी वापरले गेले किंवा अशा झाडांवर खर्च झाले की ज्यांची फळे कीड-रोगाने गेली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वीस लिटर हा आकडाही अटळ नाही. तो ज्या दोन उतारांवर अवलंबून आहे ते दोन्ही बदलता येतात.

हरितगृहात काय बदलते?

वरील उदाहरणात तापमान तेच ठेवून आर्द्रता ५० वरून ७५ टक्के करू. बाहेरच्या हवेत आता घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प आहे. फरक १५ वरून साडेसात ग्रॅमवर आला. कार्बन डायऑक्साइडचा उतार मात्र जसाच्या तसा राहिला. म्हणजे तेवढ्याच वाढीसाठी पाणी निम्मे लागेल. हरितगृहाचा पहिला फायदा हाच. पानांतून निघालेली वाफ वाऱ्याबरोबर निघून न जाता काही काळ आतच राहते. प्लॅस्टिकमुळे ऊन काहीसे कमी होते, वारा अडतो, आणि किडीला मज्जाव केल्याने विकण्याजोगे फळ वाढते. ६० चे ४० लिटर होतात ते या सर्वांमुळे.

याच्या उलट काय घडते तेही पाहावे. हवा ३० अंशांचीच आहे, पण उन्हाने पान तापून ३५ अंशांवर गेले. ३५ अंशांना घनमीटरमध्ये सुमारे ४० ग्रॅम बाष्प मावते. फरक १५ वरून २५ ग्रॅमच्या घरात जातो. पाच अंश तापलेले पान त्याच कामासाठी दीडपटीहून जास्त पाणी मागते. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी सावलीची जाळी ओढणे हे पाणी वाचवण्याचेही काम आहे. मात्र पावसाळी दिवसांत तीच जाळी तशीच राहिली तर उजेडाअभावी वाढ मंदावते. जाळी सरकवता आली पाहिजे, ती यासाठी.

मग आर्द्रता ९५ टक्के का ठेवू नये? कारण दमट हवेत पानांवर दव साचते आणि बुरशीजन्य रोगांना आमंत्रण मिळते. शिवाय कॅल्शियम हे पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते. हवा सतत फार दमट राहिली तर कोवळ्या पानांना ते पुरत नाही. हवा फार कोरडी झाली तर मोठी पाने सगळा प्रवाह आपल्याकडे ओढतात, फळाला कॅल्शियम कमी पडते आणि टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडतो. शेतकऱ्याला दोन्ही टोके टाळून मधला रस्ता धरावा लागतो.

बंद खिडकीची अडचण

यादीत एक कोडे आहे. स्पेनमधील प्लॅस्टिकच्या हरितगृहात वायुवीजन सुधारले तेव्हा पाण्याची गरज ४० वरून २७ लिटरवर आली. खिडक्या उघडल्या तर वाफ बाहेर जाणार, हवा कोरडी होणार, झाड जास्त पाणी पिणार. मग किलोमागे पाणी कमी कसे झाले?

उत्तर कार्बन डायऑक्साइडमध्ये आहे. हरितगृहाची सरासरी उंची ४ मीटर धरली तर एक चौरस मीटर जमिनीवर ४ घनमीटर हवा असते, आणि तीत जेमतेम ३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. भरात आलेले पीक लख्ख उन्हात चौरस मीटरमागे तासाला ३ ते ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेऊ शकते. म्हणजे सर्व बाजूंनी बंद हरितगृहातला साठा तासाभरातही पुरायचा नाही. प्रत्यक्षात साठा शून्यावर येण्यापूर्वीच प्रकाशसंश्लेषण मंदावते. पीक उन्हात उभे आहे, मुळाशी पाणी-खत आहे, आणि तरी ते उपाशी आहे. त्यातच बंद हवा तापते, आणि तापलेले पान पाणी अधिक मागते. पाणी जाते, वाढ होत नाही.

पाण्याची कार्यक्षमता हा एक अपूर्णांक आहे, हे येथे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. वर उत्पादन, खाली पाणी. खिडकी उघडल्याने खालची संख्या थोडी वाढते, पण वरची त्याहून जास्त वाढते. ‘पाणी कमी द्या’ एवढाच उपदेश केला तर अर्धाच अपूर्णांक सांगितल्यासारखे होते.

महाराष्ट्रात ढोबळी मिरची, काकडी यांसारखी पिके ज्या पॉलिहाऊसमध्ये घेतली जातात ती बहुतेक नैसर्गिक वायुवीजनाचीच असतात. बाजूचे पडदे गुंडाळायचे आणि माथ्यावरच्या फटीतून गरम हवा बाहेर जाऊ द्यायची, अशी त्यांची रचना असते. किडी रोखण्यासाठी या मोकळ्या जागांना बारीक जाळी लावतात. जाळी जितकी बारीक तितकी हवा कमी येते. तीवर धूळ बसली की आणखी कमी. जाळी वेळोवेळी धुणे हे क्षुल्लक वाटणारे काम पिकाचा आहार सांभाळते.

नेदरलँड्समध्ये याच्या पुढची पायरी गाठली गेली. तेथे काचगृह तापवण्यासाठी नैसर्गिक वायू जाळतात. त्याचा शुद्ध धूर पिकाला देऊन कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाखांत ८०० ते १००० भागांपर्यंत नेतात. २००५ पासून तर रॉटरडॅमजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड नळाने काचगृहांना पुरवला जातो. याने दुहेरी लाभ होतो. कार्बन डायऑक्साइडचा उतार वाढल्याने वाढ जोमदार होते, आणि पुरेसा वायू मिळत असल्याने पर्णरंध्रेही थोडी मिटतात. मात्र ही युक्ती थंड देशाची आहे. आपल्याकडे दिवसभर खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. सोडलेला वायू पिकाला मिळण्यापूर्वीच बाहेर जाईल. आपल्याला बाहेरची हवा मोकळेपणी आत येऊ देणे हेच अधिक परवडते.

चार लिटरच्या बंद काचगृहाचेही असेच आहे. तेथे हवा थंड नळ्यांवरून फिरवून तिच्यातली वाफ पुन्हा पाण्यात रूपांतरित करतात आणि ते पाणी झाडांना परत देतात. पाणी वाचते, पण वीज खर्च होते. पाणी बाष्प होताना जेवढी उष्णता घेते, म्हणजे लिटरमागे सुमारे २.४५ मेगाज्यूल, तेवढी पुन्हा कुठेतरी काढून टाकावी लागते. हवा थंड करण्यासाठी ओल्या पॅडमधून पंख्याने हवा खेचण्याची पद्धत आपल्याकडेही काही ठिकाणी आहे. तिचा उलटा हिशेब मांडावा लागतो. कोरड्या हवामानात पॅडवरून उडणारे पाणी पिकाला दिलेल्या पाण्याच्या बरोबरीचे किंवा त्याहून जास्तही भरू शकते. ते ताळेबंदात न धरता ‘ठिबकमुळे पाणी वाचले’ असे म्हणणे बरोबर नाही. फॉगरच्या पाण्यालाही हाच नियम लागू आहे.

घड्याळाने नव्हे, उजेडाने पाणी

२.४५ मेगाज्यूल हा आकडा आणखी एका कामाचा आहे. झाडातून पाणी उडायला ऊर्जा लागते आणि ती मुख्यतः उन्हातून येते. म्हणून रोज किती पाणी लागेल याचा अंदाज उन्हावरून बांधता येतो.

महाराष्ट्राच्या पठारी भागात उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी चौरस मीटरवर सुमारे २४ मेगाज्यूल सौरऊर्जा येते. प्लॅस्टिकमधून तिचा ६५ टक्के भाग आत आला असे धरू. म्हणजे सुमारे साडेपंधरा मेगाज्यूल. त्यापैकी ६० टक्के ऊर्जा पाणी उडवण्यात खर्च झाली तर चौरस मीटरमागे सुमारे ३.८ लिटर पाणी लागेल. डिसेंबरच्या स्वच्छ दिवशी बाहेरची ऊर्जा १७ मेगाज्यूल धरली तर हाच आकडा २.७ लिटर येतो. पावसाळ्यातल्या झाकोळलेल्या दिवशी ऊर्जा ९ मेगाज्यूलवर उतरली तर दीड लिटरही पुरे होते. हे आकडे पानांनी जमीन झाकलेल्या पिकाचे आहेत. रोपे लहान असताना गरज याहून बरीच कमी असते.

आता कल्पना करा की पंपाला वेळेचे यंत्र लावले आहे आणि ते रोज तीन लिटर सोडते. एप्रिलमध्ये पीक तहानलेले राहील, आणि आषाढातल्या ढगाळ दिवशी निम्मे पाणी मुळांखाली झिरपेल. जाताना ते विद्राव्य खतेही घेऊन जाईल. शिवाय पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. जादा पाण्यानेही वाढ खुंटते ती अशी. नेदरलँड्समध्ये उजेड मोजणारे यंत्र ठरावीक ऊर्जा जमा झाली की आपोआप पाणी सोडते. असे यंत्र नसले तरी आकाशाकडे पाहून पाळ्या कमी-जास्त करणे कोणालाही जमते.

निचरा, क्षार आणि छतावरचा पाऊस

यादीत २२ चे १५ लिटर झाले ते निचऱ्याचे पाणी परत वापरल्याने. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, किंवा तत्सम माध्यमात पीक घेताना गरजेपेक्षा २० ते ३० टक्के जास्त पाणी देतात. हे जास्तीचे पाणी मुळांभोवती साचणारे क्षार धुऊन काढते. ते जमिनीत सोडण्याऐवजी गोळा करून, जंतुरहित करून, खताची मात्रा पुन्हा जुळवून वापरता येते. पण त्यासाठी मूळ पाणी चांगले हवे.

समजा विहिरीच्या पाण्यात लिटरमागे १ ग्रॅम क्षार आहेत. चौरस मीटरला रोज अडीच लिटर पाणी दिले तर आठ महिन्यांत, म्हणजे २४० दिवसांत, ६०० ग्रॅम क्षार तेथे येतात. झाड त्यातले थोडेच घेते. सोडियमसारखे नको असलेले क्षार मागे राहतात आणि प्रत्येक फेरीला त्यांचे प्रमाण वाढत जाते. शेवटी पाणी फेकून द्यावेच लागते. क्षारयुक्त पाण्याने शेती करायची तर धुण्यासाठी आणखी पाणी, असे हे चक्र आहे.

यावरचा उपाय पॉलिहाऊसच्या डोक्यावरच पडत असतो. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचे छत सुमारे १००० चौरस मीटर असते. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या अवर्षणप्रवण तालुक्यातही या छतावर ५ लाख लिटर पाणी पडते. पन्हाळींतून त्याचे ८० टक्के जमवता आले तर ४ लाख लिटर होतात. चौरस मीटरला रोज अडीच लिटर या हिशेबाने आठ महिन्यांच्या पिकाला ६ लाख लिटर लागतात. म्हणजे दोन-तृतीयांश गरज छतावरूनच भागते, आणि हे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. ते विहिरीच्या पाण्यात मिसळले तरी क्षारांचे प्रमाण खाली येते. अर्थात साठवणीसाठी अस्तर घातलेले शेततळे हवे, आणि उन्हाळ्यात त्यावरून उडणारे पाणी रोखायला वर आच्छादन हवे. नाहीतर पानावर वाचवलेले पाणी तळ्यावरून उडून जायचे.

वर्गात करून पाहा

एकाच आकाराच्या चार कुंड्यांत टोमॅटोची किंवा मिरचीची सारखी वाढलेली रोपे घ्या. सर्वांना पुरेसे पाणी घालून निथळू द्या. प्रत्येक कुंडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून पिशवीचे तोंड खोडाभोवती सैलसर बांधा, म्हणजे मातीतून पाणी उडणार नाही. एक-एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर सकाळी वजने घ्या. एक रोप उन्हात, दुसरे सावलीत, तिसरे सावलीतच पण पंख्यासमोर, आणि चौथे सावलीत काठ्यांवर ताणलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या तंबूत ठेवा. तंबूची खालची कड थोडी उघडी असू द्या. संध्याकाळी पुन्हा वजने घ्या. वजनातली घट म्हणजे रोपाने हवेत सोडलेले पाणी.

रोपांची पाने कमी-जास्त असतील तर तुलना कशी करावी? प्रत्येक रोपाच्या पानांची आकृती आलेख-कागदावर काढून चौकोन मोजावेत आणि घट चौरस सेंटिमीटरमागे काढावी. तंबूत व बाहेर ओल्या व कोरड्या फुग्याचे तापमापक ठेवले तर आर्द्रतेशी संबंधही दाखवता येईल. प्रयोग तीन-चार दिवस केल्यास ढगाळ आणि स्वच्छ दिवसांतला फरक आपोआप पुढे येतो. गावाजवळ पॉलिहाऊस असेल तर शेतकऱ्याच्या परवानगीने दिवसाचे पाणी व त्या दिवसाचा उजेड यांची नोंद महिनाभर ठेवता येईल.

लिटरचा हिशेब आणि गावाचा हिशेब

स्पेनच्या दक्षिणेकडील आल्मेरिया प्रांताची गोष्ट शेवटी सांगायला हवी, कारण तिच्यात आपल्यासाठी इशारा आहे. हा युरोपातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. येथे द्राक्षवेलींसाठी तारांचे मांडव असत. १९६० च्या दशकात शेतकऱ्यांनी त्या मांडवांवरच प्लॅस्टिक अंथरून भाजीपाला घ्यायला सुरुवात केली. जमिनीवर शेणखताचा थर आणि त्यावर वाळूचा थर देऊन मातीतून उडणारे पाणी रोखले. आज तेथे सुमारे ३० हजार हेक्टरांवर हरितगृहे आहेत. किलोमागे पाण्याचा हिशेब केला तर ही शेती उघड्या शेतीपेक्षा खूपच काटकसरी आहे.

आणि तरीही तेथील भूजल खालावले. किलोमागे पाणी कमी लागू लागले, पण किलो वाढत गेले, क्षेत्र वाढत गेले. वर्षाला पावसाने जेवढे पाणी भूगर्भात मुरते त्याहून जास्त उपसले गेले, आणि किनाऱ्याजवळच्या भूजलात समुद्राचे खारे पाणी शिरले. आता समुद्राचे पाणी गोडे करून शेतीला द्यावे लागते.

पानाच्या दारातून जाणारे पाणी कसे वाचवावे हे विज्ञान सांगते. वाचलेल्या पाण्याचे काय करावे हे ते सांगत नाही. पॉलिहाऊसमध्ये निम्मे पाणी वाचवणाऱ्या शेतकऱ्याने त्याच विहिरीवर दुसरे पॉलिहाऊस उभारले, आणि शेजाऱ्याने तिसरे, तर विहिरीची पातळी जिथल्या तिथे राहील किंवा आणखी खाली जाईल. म्हणून विद्यार्थ्यांना दोन्ही हिशेब शिकवले पाहिजेत : एक किलो टोमॅटोला किती लिटर लागले, आणि गावातल्या सर्व विहिरींतून वर्षात मिळून किती उपसले. पहिल्यासाठी वजनाचा काटा लागतो. दुसऱ्यासाठी दिवाळीत आणि मे महिन्यात विहिरीत सोडलेली दोरी आणि शाळेची एक वही पुरते. ती वही पाच-सात वर्षे चालली तर गावाला आपले पाणी कुठे चालले आहे हे स्वतःच्या आकड्यांवरून कळेल.